एका पोत्याच्या गिऱ्हाइकाला गाठतात

आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिला अंगणात खाली बसता येत नाही, आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचा भरवसा नाही. म्हणून दिवाळीआधी पारिजातकाखाली काँक्रीटचा बाक घरीच ओतायचं ठरवलं. बसायची लादी 5 फूट लांब, 16 इंच रुंद, 3 इंच जाड, खाली दोन पाय. एवढ्या कामाला सिमेंटचं 50 किलोचं एक पोतं पुरून उरतं.

तालुक्याच्या गावात नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून दुसऱ्याकडे गेलो. त्याने पोतं वीस रुपये कमीने दिलं. बिल मागितलं तर म्हणाला, "एका पोत्याचं काय बिल करायचं, दादा?" मीही ताणून धरलं नाही. घरी पोतं फोडलं तर आत गोळे. फोन केला. "पावसाळ्यात थप्पीखाली दबतं, चाळून घ्या." चाळून घेतलं.

साचा प्लायचा, आतून ऑइल लावलेला. 8 मिलिमीटरच्या सळया तारेने बांधून खाली इंचभर कव्हर, म्हणजे काँक्रीटच्या थरासाठी जागा, ठेवलं. एक घमेलं सिमेंट, दीड वाळू, तीन खडी, पाणी बेताचं. दुसऱ्या दिवशी कडेच्या फळ्या काढल्या आणि नख ओढलं, तर पांढरी रेघ उठून पीठ खाली पडलं. वाटलं, अजून ओलं असेल. गोणपाट टाकून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. अकराव्या दिवशी चौघांनी लादी उचलली आणि ती मधोमध मोडली. सळयांना लोंबकळत राहिली, नाहीतर भाच्याच्या पायावरच आली असती. शंभर किलोच्या वर वजन. त्यावर आई बसली असती तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

दुकानदाराचं उत्तर तयारच होतं: "पाणी जास्त झालं असेल. गवंड्याचं काम घरी करायला जाऊ नये." आणि मला ते पटलंही! चार दिवस मी प्रमाणच पुन्हा पुन्हा मोजत बसलो.

शेजारच्या गवंडीकाकांनी चाळणीतले उरलेले गोळे हातात घेतले. थप्पीखाली दबलेल्या चांगल्या सिमेंटचे गोळे बोटांत चुरडतात. हे दगडासारखे होते, म्हणजे ओल लागून सिमेंट आधीच धरून बसलं होतं. मग त्यांनी रिकामं पोतं मागितलं. तोंडाशी शिवणीच्या दोन ओळी दिसल्या. एकीत दोरा होता, दुसरीत नुसती भोकं. सिमेंट भरल्याचा आठवडा, महिना, वर्ष छापतात ती जागा कशानेतरी घासून पुसट केलेली. जुनं, धरलेलं सिमेंट कुटून, चाळून, नावाजलेल्या कंपनीच्या रिकाम्या पोत्यात भरून विकलं होतं.

काका म्हणाले ते मला फार लागलं. शंभर पोती नेणाऱ्या ठेकेदाराला असा माल देत नाहीत, तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील. बाक, कुंडी, ओटा घरी करणाऱ्या एका पोत्याच्या माणसाला देतात, कारण काम बिघडलं की तो स्वतःलाच दोष देतो.

तेव्हा एकच पोतं घेत असाल तरी दुकानातच उलटंपालटं करून शिवण बघा. छापलेला आठवडा वाचा. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये, आणि तारीखच पुसलेली असेल तर पोतं तिथेच सोडा. वजनकाट्यावर ठेवायला लावा, त्यात लाजायचं काय? आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. पण कंपनीचं रिकामं पोतं पुन्हा भरलेलं असेल तर त्यावरचा क्रमांक खराच असतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. गोळे हातात चुरडत नसतील तर चाळू नका, परत करा. आणि बिल घ्याच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर मी तक्रार केली, तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच आला आणि माझ्या हातात काही नव्हतं.

नवं पोतं नेहमीच्या दुकानातून, बिलासकट आणलं. त्याच साच्यात, त्याच प्रमाणाने लादी ओतली. दुसऱ्या दिवशी नख ओढलं तर रेघही उठली नाही. आई आता रोज संध्याकाळी तिथे वाती वळत बसते.

ते पोतं भंगारवाल्याने दहा रुपयांना मागितलं. मी आधी ब्लेडने त्याचे उभे चार तुकडे केले. तुम्हीही रिकामी पोती अखंड देऊ नका. माझ्या घरी आलेलं पोतं अशाच कुणाच्यातरी अंगणातून गेलेलं असणार.