पे पार्किंगची जागा उत्तम, पण काचेवरचा ‘तालांव’ (दंडाची पावती) अमान्य

पणजीच्या बाजारभागातील एका व्यापारी संकुलाच्या तळघरात खासगी कंपनीने चालवलेले पे पार्किंग आहे. डिचोलीहून पणजीला कामासाठी येणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ‘अठरा जून’ नावाच्या रस्त्यावर जागा शोधत तीन फेऱ्या मारण्यापेक्षा ही सोय फार मोलाची वाटते, आणि गेले वर्षभर मी ती नियमित वापरत आहे. उजेड भरपूर आहे, पावसाळ्यातही जमीन कोरडी असते, उताराच्या वळणावर आरसे लावलेले आहेत आणि वयस्कर माणसांसाठी लिफ्टजवळच्या दोन जागा राखून ठेवलेल्या असतात. पहिल्या तासाला ३० रुपये आणि पुढच्या प्रत्येक तासाला २० रुपये हा दरही मला जास्त वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

ऑगस्टमध्ये आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी आणले होते. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी गाडी आत लावली. दवाखान्यात गर्दी असल्यामुळे परत यायला दुपारचे तीन वाजले. गाडीजवळ आलो तर चालकाच्या बाजूच्या काचेवर, वायपरखाली खुपसलेला नव्हे तर चक्क डिंकाने चिकटवलेला, पिवळा कागद होता. वर ठळक लाल अक्षरांत ‘दंडाची नोटीस’ असे छापलेले, खाली गाडीचा क्रमांक, ‘चार तासांची मर्यादा ओलांडली, दंड १,००० रुपये’ आणि शेवटी ‘२४ तासांत न भरल्यास दुप्पट रक्कम व कायदेशीर कारवाई’. तपासणीच्या थेंबांमुळे आईला समोरचे नीट दिसत नव्हते. तो कागद डोळ्यांजवळ नेऊन ती मला घाबऱ्या आवाजात विचारू लागली, “पोलिसांनी तालांव दिला काय रे?”

आईचा हा प्रश्नच माझ्या तक्रारीचे मूळ आहे. कागदाचा रंग, मांडणी आणि शब्द असे निवडलेले आहेत की सामान्य माणसाने तो वाहतूक पोलिसांचा तालांव समजावा आणि निमूटपणे पैसे भरावेत. वास्तविक मोटार वाहन कायद्याखालचा दंड जागेवर वसूल करण्याचा अधिकार सरकारने अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्यांनाच आहे. पार्किंगच्या कंत्राटदाराला तो नाही. कंत्राटदार मागू शकतो ते कराराप्रमाणे ठरलेले शुल्क, आणि करार मोडला तर वाजवी भरपाई. भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम ७४ सांगते की करारात आकडा लिहिलेला असला तरी तो कमाल मर्यादा मानायचा आणि त्याच्या आत जी वाजवी ठरेल तेवढीच भरपाई द्यायची. पन्नास मिनिटे जास्त थांबल्याबद्दल १,००० रुपये कोणत्या हिशेबाने वाजवी ठरतात, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

शिवाय चार तासांच्या मर्यादेचा फलक प्रवेशापाशी नव्हताच. तो बाहेर पडण्याच्या फाटकाजवळ, मोठ्या कुंडीतल्या झाडामागे होता. आत येताना जी अट दिसत नाही, ती ग्राहकाने मान्य केली असे कसे म्हणायचे? माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. तिथेही खासगी कंपन्यांच्या मागणीपत्राची (पार्किंग चार्ज नोटीस) आणि नगरपालिकेच्या दंडाची (पेनल्टी चार्ज नोटीस) आद्याक्षरे एकच, ‘पीसीएन’, असल्यामुळे नवे आलेले गोंयकार गोंधळतात. मात्र २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका कंपनीची ८५ पौंडांची मागणी ग्राह्य धरली, तेव्हा तिथले फलक मोठे, ठळक आणि सहज वाचता येण्याजोगे होते, ही बाब निकालात महत्त्वाची ठरली होती. इथे तर फलक झाडाआड आहे.

फाटकावरच्या मुलाने नम्रपणे सांगितले, “पात्रांव, हांव कितें करूं? साहेबांनी सांगितलंय, तालांव भरल्याबिगर सोडायचं नाही.” त्याच्यावर माझा राग नाही. व्यवस्थापक आले आणि त्यांनी गाडीला जॅमर लावण्याची भाषा केली. मी त्यांना सांगितले की मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ पाहा, तिथे चाक जखडण्याची मुभा देण्याचा अधिकार त्या हद्दीच्या गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे; गाडी अडवणार असाल तर मी ११२ क्रमांकावर फोन करतो. पाच तासांचे नेहमीच्या दराने ११० रुपये मी तिथेच दिले आणि कराची पावती मागितली. या पावतीवर जीएसटी क्रमांक होता. पिवळ्या कागदावर मात्र तो नव्हता, कंपनीचा पत्ताही नव्हता. अर्ध्या तासाने फाटक उघडले. तोवर आई काळा चष्मा लावून गाडीत बसून होती.

घरी येऊन फलकाची, कागदाची आणि पावतीची छायाचित्रे जोडून कंपनीला ईमेल केले आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. अकराव्या दिवशी उत्तर आले: ‘सद्भावनेपोटी’ दंड माफ. चूक मान्य केलेली नाही. हेल्पलाइनवर प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. १,००० रुपयांसाठी एवढे कोण करणार, या भरवशावरच असले कागद छापले जातात असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेच्या सोयीसाठी मी पाचपैकी चार तारे देईन, ग्राहकाशी वागण्याच्या पद्धतीसाठी एक. तिथे जाणाऱ्यांनी आत शिरताना फलकाचे छायाचित्र काढावे, तिकीट सांभाळावे आणि पिवळा कागद मिळाल्यास तो फाडू नये, तोच पुरावा आहे. गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो होतो. कुंडी हलवलेली आहे, फलक आता दिसतो, पण तो अजून बाहेर पडण्याच्या बाजूलाच आहे. प्रवेशापाशी तो लावावा आणि कागदावरचा ‘दंड’ हा शब्द काढावा, असे दुसरे पत्र मी त्याच दिवशी व्यवस्थापकांच्या हातात देऊन पोच घेतली आहे.