नौपाड्यातला स्पोकन इंग्लिशचा क्लास: ‘ऑन अ रोल’ शिकवतात छान, छापतात चुकीचं

ठाण्यात गोखले रोडजवळ असलेल्या या क्लासच्या रविवारच्या बॅचला दीड तासात एकच वाक्प्रचार घेतात. वीस वाक्प्रचारांची झेरॉक्स हातात कोंबून मोकळं होणाऱ्यांपेक्षा हे कधीही बरं. हा तास ‘ऑन अ रोल’चा. यशामागून यश येतंय आणि जोर अजून ओसरलेला नाही, तेव्हा हे म्हणायचं.

सुरुवात उच्चारापासून, आणि तीच या तासाची खरी कमाई. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे मधला ‘अ’ हमखास गळतो. इथे तो गळून चालत नाही: वागळे इस्टेटमधल्या किंवा महाप्याच्या एखाद्या ऑफिसात ‘आय ॲम ऑन रोल’ म्हणालात, तर समोरचा समजतो की तुम्ही कंपनीच्या पेरोलवर आहात, कंत्राटी नाही. शिक्षिकेचा उपाय साधा आहे. ‘न’चा पाय मोडायचा नाही, पूर्ण म्हणायचा: ऑ-न-रोल. ‘अ’ आपोआप येतो.

मग काळ. ‘सोमवारपासून फॉर्मात आहे’ या मराठी वळणावर ‘शी इज ऑन अ रोल सिन्स मंडे’ निघतं. सिन्स आला की ‘हॅज बीन’ हवं. हे फळ्यावर घोटून घेतात. एक ऑर्डर मिळाली म्हणून कोणी ऑन अ रोल होत नाही, लागोपाठ दोन-तीन हव्यात, हेही बजावतात.

हँडआउट मात्र बदलायला हवं. त्यात अर्थ दिलाय ‘गाडी रुळावर येणे’. ते बिघडलेलं सावरल्यावर म्हणतात. इथे काही बिघडलेलंच नसतं. ‘फॉर्मात असणे’ जास्त जवळचं. शेजारीच ‘गेट द बॉल रोलिंग’ समानार्थी म्हणून छापलंय, त्याचा अर्थ तर नुसता कामाला सुरुवात करणं!

कुठे वापरू नये हे सांगतच नाहीत. वाक्प्रचार बोलीतला आहे. सहकाऱ्याला ‘यू आर ऑन अ रोल, डोन्ट स्टॉप’ म्हणा, खुशाल. स्वतःच्या अप्रेझल फॉर्मवर लिहिलंत तर फुशारकी वाटेल. तिथे सरळ आकडे द्यावेत.

जोड्यांचा सराव शेवटच्या वीस मिनिटांत उरकतात आणि मागच्या बाकांपर्यंत शिक्षिका पोचत नाहीत. पहिल्या दोन रांगांत जागा मिळत असेल तरच फी वसूल. खिडकीकडची बाजू टाळा, रिक्षांच्या हॉर्नमध्ये तो ‘अ’ कुणालाच ऐकू येत नाही.