गोरीचं स्टॅलिन संग्रहालय: आजोबांच्या तसबिरीतल्या माणसाच्या गावी

आमच्या लालबागच्या खोलीत भिंतीवर तीन तसबिरी होत्या. विठोबा, शिवाजी महाराज आणि स्टॅलिन. तिसरी आजोबांनी लावलेली. ते गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. रशिया कुठल्या दिशेला आहे हे त्यांना सांगता आलं नसतं. पण अण्णा भाऊ साठ्यांनी १९४३ साली रचलेला स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी मैदानात बसून ऐकला होता, आणि मत तिथंच पक्कं झालं. पुढे १९५६ मध्ये स्टॅलिननंतर सोव्हिएत सत्तेवर आलेल्या ख्रुश्चेव्हनेच स्टॅलिनचे गुन्हे बाहेर काढले, तरी तसबीर हलली नाही. "डफावर ऐकलंय मी," एवढंच म्हणायचे.

म्हणून जॉर्जियाला गेलो तेव्हा राजधानी तिबिलिसीहून स्टॅलिनच्या जन्मगावी, गोरीला, एक दिवस काढलाच. अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. दीदुबे स्थानकावरून मार्शरुत्का मिळते, म्हणजे आपली वडाप. मी मात्र गुडघ्यांचा विचार करून गाडी केली.

इमारत १९५७ची. आत लाल गालिच्याचा जिना आणि वर खुद्द तो, पांढऱ्या दगडात. देवळाच्या पायऱ्या चढतोय असंच वाटतं, आणि ते वाटावं म्हणूनच ते तसं बांधलंय. दालनांत पाइप, भेटवस्तू, फोटोच फोटो. एका अंधाऱ्या गोल खोलीत मृत्यूनंतर घेतलेला चेहऱ्याचा साचा. (साचाखात्यातल्या माणसाचा नातू इथे जरा थबकला.) स्टॅलिनने १९३७-३८मध्ये घडवलेल्या कत्तलींना मात्र या सगळ्या थाटापुढे फारच थोडी जागा आहे. जिन्याखालची खोली चुकवू नका. चौकशी आणि अटका तिथे आहेत.

सगळ्यात आवडलं ते बाहेरचं. इओसेब जुगाश्विली (हे स्टॅलिनचं मूळ नाव) जन्मला ते चांभाराचं बुटकं घर, आणि त्यावर खांबांचा भलामोठा मंडप. शेजारी त्याचा हिरवा चिलखती रेल्वेचा डबा, वजन ८३ टन. विमानात बसायला तो कचरायचा. याल्टाला याच डब्यातून गेला. आत न्हाणीचं टबही आहे.

आमचा ड्रायव्हर आत आलाच नाही. त्याच्या पणजोबांना सदतीस साली रात्री उचललं, ते परत आले नाहीत. तेवढं सांगून तो सिगारेट ओढत उभा राहिला. पण शेजारच्या एका पर्यटकाने स्टॅलिनला रशियन म्हटलं, तसा हाच तावातावाने पुढे झाला: "जॉर्जियन!" १९५६ला ख्रुश्चेव्हच्या भाषणानंतर तिबिलिसीची पोरं स्टॅलिनच्या बाजूने रस्त्यावर उतरली आणि लष्कराच्या गोळ्यांनी मेली, हेही त्यानेच सांगितलं. गोरीच्या चौकातला पुतळा २०१० साली रात्रीतून काढला, त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "माझी आई रडली." पणजोबा तिच्याच माहेरचे.

दुकानात त्याच्या चेहऱ्याचे मग आहेत, वाईनही आहे. मी फक्त एक पोस्टकार्ड घेतलं.

संग्रहालयाला तीनच तारे देतो, ड्रायव्हरला पाच. दोन तास पुरतात.

परतताना त्याला सांगितलं, आमच्याकडे तमिळनाडूत एक मुख्यमंत्री झाले, एम. के. स्टॅलिन, १ मार्च १९५३चा जन्म, हा मेला त्याच आठवड्यातला. त्याचा विश्वास बसेना. फोनवर फोटो दाखवला, तर गाडी बाजूला घेऊन हसत सुटला, आणि मग एकदम विचारलं, "माणूस कसा आहे?"

मी म्हटलं, मी मुंबईचा, मला काय माहीत.