म्हापशातलं खेळाडू मुलांसाठीचं काउन्सेलिंग, आमचा चार महिन्यांचा अनुभव (४ स्टार)

मुलगा १४ चा, बॅडमिंटन खेळतो, पेडेला प्रॅक्टिस. गेल्या गणेश चवथीला माझ्या खांद्याला लागत होता आणि आता माझ्याहून उंच, त्यामुळे जो तो म्हणणार एवढा घोडा झालास नि मॅच हरल्यावर रडतोस काय. मीपण म्हटलंय हे, त्याचं आज वाईट वाटतं. मॅचच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं, आणि दोन पॉइंट गेले की रॅकेटची ग्रिप सोडून परत गुंडाळत बसायचा, तेवढ्यात गेम हातचा गेलेला.

पहिल्याच दिवशी मॅडमनी त्याला स्टुलावर भिंतीला टेकवून बसवलं आणि बसलेली उंची मोजली, मग उभ्याची, मग वजन, आणि त्यावरनं उंची वाढायचा जोर येऊन गेला की यायचाय याचा अंदाज काढला. मुलींना हा जोर साधारण १२ व्या वर्षी येतो, मुलांना १४ च्या आसपास, पण एकाच वयाची दोन मुलं यात दोन-दोन वर्षं पुढेमागे असतात. आणि अंग वाढलं म्हणजे समज वाढली असं नाही, रागाला आवर घालणारा कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत तयारच होत असतो. हे ऐकून मी गप्पच झाले.

त्याला एक वही दिली, पानाच्या मधोमध रेघ. एका बाजूला जे आपल्या हातात आहे ते, म्हणजे सर्व्हिस नेटमध्ये जाते तर ती सुधारायची, दुसऱ्या बाजूला जे नाही ते, जसं अंपायरचा निर्णय, तिथे फक्त लांब श्वास सोडायचा नि पुढच्या पॉइंटला उभं राहायचं. सुरुवातीला सगळं दुसऱ्याच बाजूला लिहायचा, कोर्ट वाईट, शटल वाईट. आता स्वतःच खोडून इकडे आणतो.

परवाची मॅच हरला, पण तिसऱ्या गेमला १७-१७ असताना ग्रिपला हात लावला नाही, भिंतीकडे तोंड करून श्वास सोडला आणि सर्व्हिस केली. मी वर बसून बघत होते.

एक स्टार कापला तो ग्रुप सेशनसाठी. १२ ची मुलं नि १७ ची एकत्र बसवतात, मोठी मुलं आपल्याला काय होतं ते नीट बोलून दाखवतात आणि लहानगी नुसती चप्पल घासत बसतात, त्यांना ते शब्दात सांगताच येत नाही अजून. बॅच वेगळ्या कराच प्लीज, दोनदा सांगून झालंय. तोवर लहान मूल असेल तर एकट्याचंच सेशन घ्या, शनिवारचं लवकर भरतं.