मॉन्स्टेराचा तयार संच: रोप चोख, बाकी सामान बेताचे

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका रोपवाटिकेत मॉन्स्टेरा डेलिसिओसा या शोभेच्या वेलीचा तयार संच १,४०० रुपयांना मिळतो. कुंडीत लावलेले रोप, काथ्या गुंडाळलेली दोन फुटी काठी, फवारणीची बाटली, खताची पुडी आणि निगेच्या सूचनांचे कार्ड एवढे सामान त्यात असते. रोपाने पैसे वसूल होतात. बाकीच्या सामानाबद्दल तसे म्हणवत नाही.

रोप हाताळून, निवडून घेऊ देतात, ही या दुकानाची मोठी जमेची बाजू आहे. मी घेतलेल्या रोपाचे खोड अंगठ्याएवढे जाड होते, पानांच्या मागे किंवा देठांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण या किडीचा पांढरा कापूस कुठेही नव्हता आणि सर्वांत नव्या पानाला कडेपासून आत गेलेल्या चिरा पडलेल्या होत्या. या जातीच्या कोवळ्या रोपाची पाने अखंड, बदामाच्या आकाराची असतात, त्यामुळे चिरा दिसल्या की रोप काही काळ नीट पोसलेले आहे असे समजायला हरकत नाही. शेजारच्याच फळीवर ‘मिनी मॉन्स्टेरा’ म्हणून विकली जाणारी वेल मात्र मॉन्स्टेरा नव्हेच; ती मलाय द्वीपकल्पाकडची रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा आहे.

खरी तक्रार काठीबद्दल आहे. मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून पनामापर्यंतच्या पावसाळी जंगलांत ही वेल हवेतल्या मुळांनी झाडाचा बुंधा धरून वर चढते आणि चढत जाईल तशी तिची पाने मोठी व भोकांची होत जातात. दाट जंगलात खाली झिरपणारे उन्हाचे तुटक कवडसे तेवढ्याच पानात अधिक जागेवर पसरून टिपता यावेत म्हणून ही भोके असावीत, असे स्पष्टीकरण ख्रिस्तोफर म्युर या शास्त्रज्ञाने २०१३ साली गणिताच्या आधारे मांडले. संचातली काठी म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीवर काथ्याचा एक पातळ थर आहे. तो तासाभरात कोरडा पडतो, मुळे त्यात शिरत नाहीत आणि रोप जड झाले की काठीच कलते. तिच्याऐवजी सालीसकट खडबडीत फळी किंवा जाड काथ्याचा खांब वापरावा आणि बांधताना देठ न बांधता खोड बांधावे.

कुंडीतले मिश्रण लाल माती आणि बारीक कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) यांचे आहे. बोटाने दाबले की ते चिकटते आणि पाणी घातले की वर तळे साचून राहते. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये अशी कुंडी वाळतच नाही आणि मुळे सडतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, गांडूळखत आणि थोडीशीच माती असे भरड मिश्रण करून रोप त्यात हलवणे इष्ट. कार्डावर रोज पाणी घालण्याची सूचना छापली आहे, ती सरळ बाजूला ठेवावी. वरची दोन इंच माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. फवारणीची बाटली दमट मुंबईत कशासाठी दिली आहे, हे त्या दुकानदारालाच ठाऊक.

प्रकाशाबद्दल कार्डावर ‘सावलीत चालते’ एवढेच आहे. चालते म्हणजे जगते. पण अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पाने लहान आणि बिनचिरांची येतात. पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन मानवते, पश्चिमेच्या गॅलरीतले एप्रिल-मेचे दुपारचे ऊन पाने करपवते.

आणखी एक गोष्ट कार्डावर हवी होती. मॉन्स्टेरा अळू-सुरणाच्या कुळातला आहे आणि त्याच्या पाना-देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून लहान मुले किंवा मांजर घरात असल्यास कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. याचे फळ पूर्ण पिकल्यावर खातात खरे, पण ते पिकायला वर्षभर लागते आणि घरातल्या कुंडीत फूलच क्वचित येते.

याच दुकानात फांद्याही मिळतात. घेताना फांदीला पेर आहे का ते पाहावे, कारण नुसत्या देठासकट पानाला पाण्यात मुळे फुटली तरी त्याची वेल होत नाही. पांढऱ्या छटांचे रोप कित्येक पट महाग आहे आणि पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्याने ते सावकाश वाढते. पहिलेच रोप घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. संच मोडून नुसते रोप मागितले तर ते ९०० रुपयांत देतात, मात्र फलकावर तसे लिहिलेले नाही, विचारावे लागते.