जुनी कंबरदुखी आणि चिनी उपचार: सुया, मालीश, तुंबड्या की काढे?

उसण भरून दोन-चार दिवसच झाले असतील तर यातल्या कशावरही पैसे घालवायची घाई करू नका. शेक घ्या, झेपेल तेवढं चालत राहा. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत मोकळी होते. तीन महिने उलटले तरी सकाळी वाकून चप्पल चढवता येत नाही, अशांनी पुढचं वाचावं.

माझी पहिली पसंती सुयांना, म्हणजे ॲक्युपंक्चरला. आईची कंबर दुखत होती आणि सुई टोचली गुडघ्यामागच्या खळगीत, तेव्हा ती गोंधळूनच गेली. तो 'वेइझोंग' बिंदू. 'कंबर-पाठीचं दुखणं असेल तर वेइझोंग गाठा', असं चिनी वैद्यांचं जुनं पाठांतर आहे. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग आत जडपणा पसरतो. त्याला 'दे-ची' म्हणतात आणि तो यावा अशीच वैद्याची अपेक्षा असते. पुढे वीस-तीस मिनिटं पालथं पडून राहायचं.

गुण येतो का? जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. सहा महिन्यांनी सुया घेतलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के लोकांना बरं वाटत होतं. औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हा आकडा २७ होता. पण बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्यांतही तो ४४ होता! म्हणून मतं फाटलेली आहेत. कोणता उपचार द्यावा याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला ॲक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं, तर अमेरिकेची 'मेडिकेअर' ही सरकारी आरोग्यविमा योजना २०२० पासून जुन्या कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ बैठकांचा खर्च देते. फरक पडला तरच पुढच्या आठ. हाच हिशेब आपणही ठेवावा. सहा-आठ बैठकांत वाकणं-उठणं सोपं झालं नाही, तर थांबावं.

सुयांची धास्ती असेल तर 'तुइना' मालीश. स्नायू आखडलेले असतील तर बरं वाटतं, पण हाडं ठिसूळ असलेल्यांनी जोराचे दाब टाळावेत. पेले लावणं म्हणजे आपली तुंबडीच. जांभळे वळ आठवडाभर राहतात, आराम त्यामानाने थोडा आणि पुरावाही कमकुवत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नकोच. मोक्सा म्हणजे दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीची धुरी-शेक. घरची गरम पाण्याची पिशवी पुरते.

काढ्यांना मात्र माझा ठाम नकार. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत 'फांगजी' या चिनी मुळीऐवजी ॲरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीची मुळी गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. पुडीत नेमकं काय आहे ते आपल्याला घरी बसून कळत नाही, आणि कंबरेसाठी मूत्रपिंड पणाला लावायचं कशाला?

काहीही निवडा, व्यायाम सोडू नका. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी कायदा आहे, परिषद आहे. उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक बेधडक विचारा आणि सुयांचं पाकीट समोर फोडायला लावा. गरोदर असाल तर आधी सांगा. आणि पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, बसायच्या जागी बधिरपणा आला असेल किंवा कंबरदुखीबरोबर ताप असेल, तर सुयाही नकोत आणि मालीशही नको. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.