कापलेला फोरएंड: जोडायचा की बदलायचा?

शिकारीसाठी फोरएंड, म्हणजे नळीखालचं पुढचं लाकूड, कापलेली ली-एनफील्ड नंबर ४ ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल हाती आली की हा पेच पडतोच. जोडकामाला फक्त पुढचा तुकडा लागतो. अख्खा फोरएंड महाग पडतो.

मेहनतीचा हिशेब मात्र फसवा आहे. नवा फोरएंड नुसता स्क्रूने आवळून भागत नाही. मागच्या टोकाच्या ज्या लाकडी खांद्यांवर गोळीचा धक्का येतो, ते रिसीव्हरला, म्हणजे नळी जिथे बसते त्या धातूच्या मुख्य भागाला, दोन्ही बाजूंनी सारखे टेकलेच पाहिजेत. नाहीतर नेम बिघडतो, लाकूडही चिरतं. जुन्या लाकडात ही बैठक मुळातच जुळलेली असते, म्हणून मला ते टाकवत नाही.

जोड दिला तर सांधा नळी आणि लाकूड आवळणाऱ्या मधल्या धातूच्या पट्टीखाली लपतो, रंगातला फरक थोडा राहतो.

खांदे शाबूत असतील तर जोडच द्यावा. तेच तेलाने मऊ पडले किंवा तडकले असतील, तर नवा फोरएंड घ्यावा आणि जाणकार गनस्मिथकडून बसवावा.